सोसायटीचा जुना लॅपटॉप लिनक्सवर नेताना: इंदिरानगरमधलं एक प्रकरण

लॅपटॉप २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि बॅटरी मेलेली, म्हणजे चार्जर निघाला की सगळं गुडूप. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ८ होतं, पुढे कुणीतरी विंडोज १० चढवलं. मालक म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरमधली २४ फ्लॅटची एक गृहनिर्माण सोसायटी. वापरणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरी, वय ६७, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. अख्खी बिल्डिंग त्यांना काकू म्हणते, मीही.

काकूंचा संगणकाशी संबंध सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यावर आला. आधीच्या सेक्रेटरींनी लॅपटॉप, चार्जर आणि फाईलींचा गठ्ठा असा एकत्र सोपवला. फाईल उघडणं, टाइप करणं, सेव्ह, प्रिंट आणि पेनड्राइव्हवर कॉपी, एवढं त्यांना येतं. जे येतं ते पक्कं येतं, पण जागेवरून. एखादं चिन्ह डेस्कटॉपच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं की ते हरवलंच.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आधीपासून पडद्यावर येणाऱ्या सूचनांचा अर्थ काकूंनी ‘आता हा बंद पडणार’ असा लावला आणि लॅपटॉप घेऊन एम. जी. रोडवरचं एक दुकान गाठलं. तिथे ऐकायला मिळालं, ‘मॅडम, नवीनच घ्या.’ तांत्रिकदृष्ट्या त्यात खोटं काही नव्हतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हा लॅपटॉप त्यात बसत नाही. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळवण्याची सोय होती, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला गेला असता. इकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणीच अजून पुरी जमलेली नाही. त्यात कमिटीसमोर नव्या लॅपटॉपचा विषय काढायची काकूंची तयारी नव्हती.

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचं नाव नातवाने फोनवरून सुचवलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि नेटवर्किंगची कामं करतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

काम काय चालतं

लिनक्स म्हणजे काय, हे मी समजावत बसलो नाही. काकूंना म्हटलं, तुम्ही रोज करता ते करा, मी शेजारी बसतो. संध्याकाळभर बसल्यावर कामं कळली. मेंटेनन्सची बिलं, थकबाकीचा तक्ता, नोटिसा, कमिटी सभेचं इतिवृत्त, सभासदांची यादी, बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट, ऑडिटरना मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब. काम आटोपल्यावर यूट्यूबवर कीर्तन. आणि एक बाहेरचा उमेदवार, तो म्हणजे काकांचं कुंडलीचं सॉफ्टवेअर, जे दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर नाही.

यातलं निम्मं ब्राउझरमध्ये चालतं. ब्राउझरखाली विंडोज आहे की आणखी काही, याचा तिथे संबंधच येत नाही. बिलं, तक्ते आणि नोटिसांसाठी लिबर ऑफिस हा वर्ड-एक्सेलसारखा मोफत संच पुरेसा होता. शंका तीनच उरल्या: प्रिंटर, कुंडली आणि जुन्या मराठी फाईली. मला सगळ्यात मोठा अडथळा प्रिंटरचा वाटत होता. तो निघाला एचपीचा, आणि यूएसबी वायर लावल्याबरोबर लिनक्स मिंटने, म्हणजे मी निवडलेल्या लिनक्सच्या प्रकाराने, स्वतःच ओळखला. एचपीचे ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासून असतात. काही कंपन्यांच्या स्वस्त लेझर प्रिंटरांची भाषा त्यांची त्यांनाच समजते आणि तिथे लिनक्सवाल्याचा दिवस जातो. इथे पाच मिनिटांत चाचणीचं पान बाहेर आलं.

डिस्क बदलायची, पुसायची नाही

नवशिक्याच्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी ठेवण्याच्या मी विरोधात आहे. सुरू करताना दरवेळी काळ्या पडद्यावर निवड करायची, चुकून दुसरंच निवडलं की कालची फाईल दिसत नाही, मग फोन. शिवाय विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’मुळे पुरतं बंद होत नाही, त्यामुळे लिनक्समधून तो भाग नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. हे काकूंना कोण समजावणार?

म्हणून जुन्या डिस्कला हात लावायचाच नाही असं ठरवलं. ती काढली, तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅमचा आणखी ४ जीबीचा तुकडा घातला. दोन्ही मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, किरकोळ खर्चात बसणारा. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घातली. लिनक्स नाहीच पटलं, तर चार स्क्रू फिरवून सगळं पूर्ववत होणार होतं. काकूंना ही गोष्ट बाकी कशाहीपेक्षा पटली. ‘म्हणजे जुनं कुठे जात नाही ना?’ हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मगच मान हलवली.

लॅपटॉपचा वेग वाढला तो मुख्यतः एसएसडीमुळे, हेही सांगून ठेवतो. विंडोज १० सुद्धा तिच्यावर बरं चाललं असतं. लिनक्सने इथे केलं काय, तर सुरक्षेचे अपडेट पुढेही मिळत राहतील याची सोय केली.

मिंट, आणि वायफायचं नाटक

लिनक्स मिंट निवडलं, २२ क्रमांकाच्या मालिकेतलं, सिनॅमन डेस्कटॉपचं. ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत आधार आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे जागेवरून काम करणाऱ्या माणसाचा गोंधळ कमी होतो. मेन्यू मराठीत ठेवावा असा काकूंचा आग्रह होता, म्हणून तसा करून दाखवला. काही शब्द मराठी, काही इंग्रजी, असा खिचडी मेन्यू पाहून त्यांनीच तो परत इंग्रजी करायला लावला. मात्र भाषा निवडताना ‘इंग्रजी, भारत’ हेच घ्यायचं. अमेरिकेची इंग्रजी घेतली तर कागदाचा आकार ए-फोरऐवजी लेटर धरला जातो आणि नोटिशीची खालची ओळ कापली गेली की दोष प्रिंटरवर येतो.

पेनड्राइव्हवरून आधी न बसवता चालवून पाहिलं. आवाज, कॅमेरा, टचपॅड, सगळं ठीक, पण वायफायच्या यादीत एकही नाव नाही. या लॅपटॉपच्या वायफाय चिपला तिच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, जे वायफायशिवाय नाही. नवशिका माणूस एकटा असेल तर बहुधा इथेच लिनक्सला शिव्या घालून पेनड्राइव्ह काढून ठेवतो. उपाय सोपा आहे. अँड्रॉइड फोन वायरने लावून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट वायरमधून देणं, चालू केलं की मिंटला इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून ड्रायव्हर निवडायचा.

पुढे आणखी एक खाच आहे. सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय, चालू असेल तर असा बाहेरचा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो आणि एखादी कळ दाबण्यासाठी जेमतेम दहा सेकंद देतो. तिथे किल्ली नोंदवून तोच पासवर्ड दिला, तरच ड्रायव्हर चालतो. पडदा निसटला की पुन्हा वायफाय नाही, आणि का नाही, हे कुणी सांगत नाही. हा भाग मी काकूंवर सोडला नाही.

बसवणं त्यामानाने किरकोळ. बॅटरी नसल्यामुळे चार्जर इन्व्हर्टरच्या प्लगला लावला, कारण पावसात इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. डिस्क पासवर्डने कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो, तो घेतला नाही. तो पासवर्ड विसरला तर सोसायटीचं दप्तरच गेलं. लॅपटॉप घराबाहेर जात नाही, तेव्हा या घरात चोरीपेक्षा विसरण्याचा धोका मोठा. चहा होईस्तोवर नवा डेस्कटॉप समोर होता. अक्षरं मोठी केली, काही बिघडलं तर यंत्रणा आधीच्या स्थितीत नेणारं टाइमशिफ्ट लावून दिलं, ब्राउझर, लिबर ऑफिसमधले रायटर (लिहायला) व कॅल्क (तक्त्यांना) आणि सोसायटीचं फोल्डर ही चार चिन्हं जुन्याच जागी मांडली.

नोटीस कुठे गेली

खरं प्रकरण इथून सुरू झालं. काकूंनी जुन्या डिस्कवरून आलेली वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस उघडली. पडद्यावर ओळीच्या ओळी रोमन अक्षरं, मधेच कंस, तिरक्या रेघा, स्वल्पविराम.

‘अरे, हे काय? माझी नोटीस कुठे गेली?’

नोटीस तिथेच होती. ती शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी सगळीकडे चालणारी पद्धत, रुळण्याआधीच्या या फॉन्टमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच. आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट असलेल्या यंत्रावर ‘सभा’ दिसते, नसलेल्या यंत्रावर खालचं सोंग उघडं पडतं. लिनक्सचा यात काडीचाही दोष नाही. दुसऱ्या कुठल्या विंडोजवरही हेच झालं असतं, आणि होतही होतं. ऑडिटरच्या ऑफिसातून दरवर्षी ‘वर्डची फाईल नको, पीडीएफ पाठवा’ असा निरोप का येतो, याचा काकूंना त्या दिवशी उलगडा झाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नोटीस टाकताना त्या छापील कागदाचा फोटो का टाकायच्या, तेही यातच आलं. मजकूर कॉपी करून चिकटवला की ग्रुपवर असंच काहीतरी उमटायचं.

जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाईल घेतली आणि मिंटमध्ये होम या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरच्या आत फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली. नोटीस जशीच्या तशी उभी राहिली. इथे थांबता आलं असतं, आणि बरेच जण थांबतात. काकू थांबल्या नाहीत. फाईलमध्ये मराठी नाही म्हटल्यावर त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. ‘मग ते आपण नीट मराठीत आणायचं.’

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं इंटरनेटवर आहेत. पण सभासदांची नावं, फोन नंबर आणि थकबाकी कुठल्याही अनोळखी पानावर चिकटवणं मला मान्य नव्हतं. ब्राउझरमध्येच काम करणारं एक पान सेव्ह करून घेतलं, इंटरनेट बंद केलं आणि मग मजकूर त्यात टाकला. ऐंशी-नव्वद टक्के काम चोख झालं. उरलेल्यात गंमत होती.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने भरलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, म्हणून टाइपही आधी. रफार डोक्यावर शेवटी चढतो, म्हणून टाइपही शेवटी. युनिकोडचा क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे व्यंजन आधी आणि वेलांटी मागून, रफारातला र् पुढच्या अक्षराच्या आधी. तेव्हा बदलताना वेलांटी पुढे ढकलायची आणि रफार मागे आणायचा. साध्या ‘दिनांक’मध्ये हे नीट जमतं. ‘उपस्थिती’त वेलांटीला अर्धा स ओलांडून थ पर्यंत जायचं असतं, तिथे ती मधेच अडकून पडली. ‘आर्थिक’मध्ये एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही. आणि सोसायटीच्या कागदांत ‘आर्थिक वर्ष’ नाही असं पान शोधून सापडायचं नाही.

काकूंनी प्रिंट काढायला सांगितल्या आणि लाल पेन घेऊन बसल्या. पडद्यावर त्यांना चुका दिसत नव्हत्या, कागदावर एकही सुटली नाही. त्याच त्या चुका पुन्हा येत आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनीच यादी केली, आणि मग लिबर ऑफिसच्या शोधा-बदला खिडकीतून एकेक शब्द सगळ्या फाईलभर एकदम सुधारत गेलो. ही खिडकी म्हणजे काकूंना मिळालेलं या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं शस्त्र. आता सभासदाच्या नावातलं शुद्धलेखनही त्या तिच्यातून सुधारतात, सभासदाने तसं लिहिलेलं नसलं तरी.

थकबाकीच्या तक्त्यात वेगळी काळजी घ्यावी लागली. नावांचे रकाने जुन्या फॉन्टमधला मजकूर, पण रकमा खरे आकडे. फॉन्टमुळे ते फक्त १, २, ३ असे देवनागरी दिसत होते. सगळा तक्ता सरसकट बदलायला टाकला असता तर आकड्यांचा मजकूर झाला असता आणि बेरजा गेल्या असत्या. म्हणून नावांचे रकाने तेवढे बदलले. रकमांचे आकडे अर्थात इंग्रजी दिसू लागले आणि काकूंची नाराजी झाली. कॅल्कमध्ये सेलच्या फॉरमॅटला मराठी भाषा जोडून अंक देवनागरीत दाखवता येतात, बेरीज तशीच राहते. तेवढं करून दिल्यावर बिलं त्यांच्या मनासारखी झाली.

सगळं दप्तर काही बदललं नाही. चालू तक्ते, सभासदांची यादी, नोटिशींचे नमुने आणि अलीकडचं इतिवृत्त एवढंच युनिकोडमध्ये आलं. त्यामागचं इतिवृत्त पीडीएफ करून ठेवलं. ते वाचायचं असतं, बदलायचं नसतं, आणि सही-शिक्क्याचं पुस्तक कपाटात आहेच.

पायऱ्यांवर सामान ठेवू नये

फाईली बदलल्यावर टायपिंगही बदलणं आलं. शिवाजी फॉन्टच्या कळा काकूंच्या बोटांत बसलेल्या, त्यांचा आता उपयोग नाही. मिंटमध्ये मराठीचे दोन आराखडे सहज मिळतात, एक उच्चारावर चालणारा आणि दुसरा इन्स्क्रिप्ट. पहिला लवकर येतो म्हणून मी तो पुढे केला. काकूंनी दोन्ही पाहिले आणि इन्स्क्रिप्ट घेतला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, साधी कळ क आणि शिफ्ट धरून ख, ही मांडणी बाराखडी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला पटली नसती तरच नवल. कळांवर लावायचे स्टिकर आणले. भाषा बदलायला दोन कळांची जोडी ठरवून दिली आणि पट्टीवर चालू भाषा दिसेल असं केलं, कारण पासवर्ड मराठीत टाइप होऊन ‘चुकीचा पासवर्ड’ येणं हा नव्या माणसाचा ठरलेला घोटाळा.

पहिली नवी नोटीस होती ‘जिन्याच्या पायऱ्यांवर सामान व चपलांचे स्टँड ठेवू नयेत’. ‘पायऱ्या’पाशी काकू अडल्या. साधा र घेऊन हलंत आणि य टाइप केला की रफार होऊन ‘पायर्या’ उमटायचं. त्या म्हणाल्या, ‘असली नोटीस माझ्या सहीने लागणार नाही.’ इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी वेगळा ऱ आहे, शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ. मग डी म्हणजे हलंत, मग य. आडवा र उमटला तशी त्यांनी ती जोडी स्टिकरांच्या उरलेल्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. नोटीस जिन्यात लागली. चपलांचे स्टँड अजून तिथेच आहेत.

जे जमलं नाही

काकांचं कुंडलीचं सॉफ्टवेअर. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधून ते उघडलं, जन्मवेळ घेतली, पण पत्रिकेच्या चौकटीत ग्रहांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. जुन्याच पठडीतला फॉन्ट, आणि तो प्रोग्रामच्या पोटात. मी तो नाद सोडला. काका रुसले, मग मुलीने त्यांना फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं, त्यातले अयनांश त्यांना पटत नाहीत. पत्रिका बघायला येणाऱ्यांना ते सध्या हातानेच कुंडली मांडून देतात.

सुरुवातीला पासवर्डचीही कटकट झाली. अपडेट करताना मिंट पासवर्ड मागतं, याचा काकूंना राग होता. नियम एकच दिला. ढालीचं चिन्ह उघडून तुम्ही स्वतः अपडेट दाबलं असेल तर पासवर्ड द्यायचा, बाकी काहीही आपणहून मागायला लागलं तर द्यायचा नाही आणि मला हाक मारायची. लिनक्स आहे म्हणून सगळं सुरक्षित, असं मी मुद्दाम म्हटलं नाही. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं ओरडणारं पान ब्राउझरमध्ये इथेही उघडतं, आणि बँकेतून बोलतोय असं सांगून दूरवरून ताबा मागणाऱ्याला हे यंत्रही आयतं मिळू शकतं. असा एक फोन आला तेव्हा समोरचा विंडोजची कळ कुठे आहे ते सांगत राहिला. काकूंनी त्याला ‘आमच्याकडे ते नाही’ म्हणून फोन ठेवला.

सोपवण्याची तजवीज

कमिटीची मुदत पाच वर्षांची. पुढच्या सेक्रेटरीकडे बहुधा विंडोजच असणार, हे धरून लिबर ऑफिसला सगळ्या फाईली वर्ड आणि एक्सेलच्या प्रकारात सेव्ह करायला सांगून ठेवलंय. तक्त्याच्या रेघा कधी थोड्या सरकतात, पण ऑडिटरकडून आता ‘पीडीएफ पाठवा’ हा निरोप येत नाही. नकलेसाठी यूएसबीच्या डबीतली ती जुनी डिस्क वापरायचं काकूंच्या मनात होतं, मात्र डिस्क्स या प्रोग्रामने तिच्यात खराब सेक्टर, म्हणजे निकामी झालेले भाग, दाखवले, तेव्हा तिच्यावर नवं काही ठेवायचं नाही असं ठरलं. नक्कल दर महिन्याला पेनड्राइव्हवर घेतात आणि तो खजिनदारांकडे असतो. बिलांसाठी सभासदांची यादी तपासताना गेल्या महिन्यात एक आडनाव अजून जुन्या फॉन्टमध्येच सापडलं, तेवढं काकूंनी स्वतः नव्याने टाइप केलं.